परबबाईंच्या गिटारीतली गुणगुण

भाईंदर पूर्वेला, केबिन रोडवरून आत दोन वळणं घेतली की आमची इमारत. चार मजले, मजल्यावर पाच, अशी वीस बिऱ्हाडं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि परबबाई बरोबर आमच्या खाली. मधला स्लॅब इतका पातळ की दुपारी त्यांच्या सासूबाईंनी खलबत्त्यात सुपारी कुटली की आमच्याकडे जमिनीवर पालथ्या घातलेल्या ताटल्या किणकिणायच्या. खालचे सगळे आवाज आम्हाला पाठ होते. त्यातला एकच आवाज असा होता की ज्यासाठी आई हातातलं काम थांबवायची. परबबाई महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या. साडेपाचला घरी यायच्या, चहा घ्यायच्या आणि पलंगाखालून गिटार काढायच्या.

ही गिटार गळ्यात अडकवायची नव्हती. फळीसारखी, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची, विजेवर चालणारी. डाव्या हातात पोलादाची जाड कांडी, उजव्या अंगठ्यात आणि दोन बोटांत धातूच्या नख्या. कांडी तारांवरून सरकत गेली की एक सूर दुसऱ्यात न तुटता वाहत जायचा, माणूस गातोय असं वाटायचं. लग्नाआधी बाई एका ऑर्केस्ट्रात वाजवत होत्या. लग्नानंतर बारा वर्षं ती गिटार लुगड्यात गुंडाळून पडलेली होती. मुलगा शाळेत जायला लागल्यावर त्यांनी ती पुन्हा बाहेर काढली. माझी आई ओट्याशी बसून वाल सोलता सोलता ऐकायची आणि त्यावरून खालच्या घरची बातमी सांगायची. सूर लांबत गेले की म्हणायची, "आज सासूबाईंशी वाजलंय बरं का." बाबा वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणायचे, "वाजतंय ते गिटार आहे."

बाबा एका कंपनीत स्टोअरकीपर होते. आमच्या घरात बोलण्याआधी मोजायची पद्धत होती. महिन्याचे तांदूळ, पाण्याच्या बादल्या, दाराची चौकट, माझी उंची, सगळं मोजलेलं आणि कुठे ना कुठे लिहिलेलं. आई मात्र मीठ, तिखट आणि माणसं अंदाजाने जोखायची आणि बहुतेक वेळा तीच बरोबर निघायची. मी बाबांवर गेलो. इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. माझ्याकडे पंचवीस वॅटचा सोल्डरिंग आयर्न, काट्याचा मल्टिमीटर आणि एक दोनशेपानी वही होती. त्या वहीत मी इमारतीतल्या दुरुस्त केलेल्या प्रत्येक रेडिओची, मिक्सरची आणि इस्त्रीची नोंद ठेवायचो. सोल्डरच्या राळेचा धूर स्वयंपाकघरात पसरला की आई खिडकी उघडायची आणि म्हणायची, "तुझ्या त्या वासाने बिरडं कडू लागतं." तरीही जागा तीच द्यायची, कारण दुसरी नव्हती.

बाईंच्या वाजवण्याखाली कायम एक गुणगुण असायची. बोट तारेवर असो वा नसो, ॲम्प्लिफायर चालू केला की ती सुरू. घरात त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. पण सोसायटीत सव्वीस जानेवारीला सत्यनारायणाची पूजा असायची, आणि संध्याकाळी हळदीकुंकवाच्या आधी कार्यक्रम. त्या वर्षी बाईंनी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर वाजवलं आणि मोठ्या स्पीकरवर गुणगुणही मोठी झाली. आमचे सेक्रेटरी किर्तीभाई, स्वभावाने वाईट नव्हते, पण माईक हातात आला की त्यांना राहवायचं नाही. "परबबेन, गिटार में मधमाखी घुस गई क्या?" सगळं कंपाउंड हसलं. मीही हसलो. बाईंनी हसून दोन गाणी वाजवली, तिसरं ठरलेलं वाजवलं नाही. मग नऊ-दहा महिने खालून काही ऐकू आलं नाही. आई साडेपाचला तशीच थांबायची, मग पुन्हा कामाला लागायची.

दिवाळीनंतर एकदा बाईंनी मला जिन्यात गाठलं. "तू मशीनं दुरुस्त करतोस ना? त्या मधमाशीचं काही करता येईल का रे?"

"करतो की," मी म्हणालो. "शून्यावर आणतो."

शून्य हा शब्द त्यांनी मागितला नव्हता. तो मी आपणहून दिला. एकवीस वर्षांचा होतो आणि मला वाटायचं की जे मोजता येतं ते शून्यावरही आणता येतं.

पुढचे सात-आठ रविवार मी त्या गिटारीवर घालवले. माझ्या आयुष्यातले ते फार सुखाचे दिवस होते, आणि हे लिहायलाही मला संकोच वाटतो. मागची पट्टी उघडली तेव्हा आत वीस वर्षांची धूळ आणि एक मेलेलं झुरळ निघालं. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर यायची. मीटर लावला तर काटा मधेच उडी मारत होता. ते आणि टोनचं बटण, दोन्ही बदलली. जॅक सैल होता, तो बदलला. तारांखालचं पिकअप, म्हणजे ज्याच्यामुळे तारेची थरथर विजेत उतरते ते चुंबक आणि वेटोळं, कमजोर झालं होतं. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात तीन खेपा घातल्या तेव्हा बसेल असं नवीन मिळालं. तार ताणायच्या सहा चाव्यांपैकी दोन घसरत होत्या, सूर उतरायचा. मी सहाही बदलल्या. नव्यांना भोकं दहा मिलिमीटरची लागत होती आणि जुनी होती आठची. बाबांनी स्वतः व्हर्नियर धरून प्रत्येक भोक मोजलं आणि मी कानशीने हळूहळू वाढवलं. "घाई नको," ते म्हणायचे, "लाकूड परत येत नाही." आतल्या पोकळीला गुणगुण अडवणारं आवरण म्हणून मी वाण्याकडून चहाच्या खोक्यातला चांदीसारखा पत्रा आणला, कापून चिकटवला, आणि त्या पत्र्याला सोल्डर धरत नाही म्हणून वायर स्क्रूखाली दाबली. सगळं वहीत आहे, आकृतीसकट. ती वही अजून माझ्याकडे आहे.

काम बाईंच्या घरीच चालायचं आणि मला खायला मिळायचं. बाई मूळच्या मालवणकडच्या. त्यांचे घावणे जाळीदार आणि इतके पातळ की त्यातून खिडकीचा उजेड दिसायचा. सोबत नारळाचा गुळाचा रस. सासूबाई पलंगावर बसून माझ्याकडे बघत असायच्या. "ह्या पोराक गिटार दुरुस्त करूची हा की घावणे संपवूचे हत?" त्या सुनेला विचारायच्या. बाई तव्यावरून म्हणायच्या, "दोन्ही करूदे."

एवढं सगळं झाल्यावर गुणगुण बरीच कमी झाली. पण शून्य झाली नाही. तारेला हात लावला की बारीक, हात काढला की थोडी जास्त, अशी राहिलीच. कारण मला लगेच कळलं. आमच्या इमारतीच्या वायरिंगमध्ये अर्थिंग नव्हतंच. भिंतीतून दोनच तारा आल्या होत्या, वीज आणणारी फेज आणि ती परत नेणारी न्यूट्रल. तिसरी, जी जमिनीत जायला हवी, ती नव्हती. ॲम्प्लिफायरच्या तीन पिनांपैकी जाडी पिन सॉकेटमध्ये नुसती शोभेला बसायची. गुणगुण गिटारीत नव्हती, ती इमारतीत होती. बाईंनी वाजवून बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, पुष्कळ कमी झालं. हे चालेल." त्यांचा चेहरा खरोखर आनंदी होता. तिथे मी थांबायला हवं होतं. "बाई, इमारतीला अर्थिंग नाही, याच्या खाली जाणार नाही," एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण मी शून्य म्हटलं होतं.

पूजेच्या तीन दिवस आधी मी एक एक्स्टेन्शन बोर्ड बनवला. लाकडी पेटी, वर दोन सॉकेट. आतमध्ये मी न्यूट्रलपासून जाड्या पिनेपर्यंत दीड इंचाची एक पिवळी वायर जोडली. हे वायरमन लोक सर्रास करायचे. न्यूट्रल पुढे कुठेतरी जमिनीला जोडलेलीच असते, तेव्हा तिलाच अर्थिंग म्हणून वापरायचं. बाईंच्या घरी लावून बघितलं. गुणगुण गेली, पूर्ण. बाईंनी कांडी खाली ठेवली. "काय केलंस तू?"

"आतल्या आवरणाचा परिणाम आहे," मी म्हणालो. "पत्रा नीट बसायला दोन दिवस लागतात."

त्या वेळी मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. अशी जोडणी करू नये हे माझ्या नोट्समध्ये होतं, माझ्याच अक्षरात, खाली रेघ मारून. कारणही होतं. मागून येणाऱ्या दोन तारा कुणी उलट्या जोडल्या, तर तुमची न्यूट्रल हीच फेज होते, आणि त्या दीड इंचाच्या वायरीतून दोनशे तीस व्होल्ट ॲम्प्लिफायरच्या पत्र्यावर, तिथून गिटारीच्या तारांवर येतात. एरवी तारा उलट्या असल्या तरी बहुतेक यंत्रं बिनबोभाट चालतात. माझी वायर असली तरच प्रश्न. मी स्वतःला सांगितलं की हे तात्पुरतं आहे.

पूजेचा मांडव कंपाउंडमधल्या फूटभर उंच कोब्यावर असायचा. मागे चौरंग, केळीचे खुंट, आणि पुढे कार्यक्रमाची जागा. देवाची जागा म्हणून कोब्यावर चपला घालून कुणी चढायचं नाही. प्रसादाचा शिरा सगळीकडे सांडून चिकट झालं होतं, म्हणून चार वाजता बायकांनी कोबा बादल्या ओतून धुतला होता. मांडवाची वीज जनाभाऊने ओढली होती. जनाभाऊ राई गावचा, मांडववाल्याकडे कामाला, आणि आमच्या सोसायटीचीही बारीकसारीक वायरमनची कामं तोच बघायचा. तिशीतला, बुटका, कानावर कायम पेन्सिल. मीटररूमपासून दोन पदरी वायर आणून त्याने बोर्ड लावला होता. मी माझा बोर्ड त्याच्या बोर्डात लावला. टेस्टर माझ्या खिशात होता. त्याच्या सॉकेटला टेस्टर लावून फेज कुठे आहे ते बघायला पाच सेकंद लागतात, मी नंतर घड्याळ लावून मोजलंय. पण समोर शंभरेक माणसं बसली होती आणि किर्तीभाई माईकवरून ओरडत होते, "अरे इंजिनीर, कितना टाइम? बेन कब से बैठी है!" खिशातून टेस्टर काढणं म्हणजे आपल्या कामाबद्दल आपल्यालाच शंका आहे असं दाखवणं, असं मला वाटलं. मी खाली उभा होतो, पायात रबरी स्लिपर. ॲम्प्लिफायरचं बटण प्लॅस्टिकचं. मी ते दाबलं.

गुणगुण नाही. किर्तीभाईंनी कान पुढे केला आणि म्हणाले, "वाह! मधमाखी मर गई!" लोक हसले, पण या वेळी आमच्या बाजूने. बाईंनी मोरपिशी साडी नेसली होती, लोखंडी घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या, अनवाणी पाय ओल्या कोब्यावर. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. मग कांडी तारांवर टेकवली.

सूर निघालाच नाही. त्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. डावा हात कोपरापासून ताठ झाला, कांडीवरची मूठ सुटेना, आणि खुर्चीसकट त्या डाव्या अंगावर पडल्या. गिटार बरोबरच गेली. लोकांना वाटलं चक्कर आली. बाईंचे यजमान, परबकाका, उठून धावले. त्याच वेळी जनाभाऊ ओरडला, "हात लावू नका कुनी! कुनी हात लावू नका!" आणि स्वतः उलट्या दिशेने मीटररूमकडे पळाला. त्याने मेन पाडला. मांडवातले सगळे दिवे, पंखे बंद झाले आणि बाईंची मूठ उघडली. हे सगळं किती सेकंदात झालं, ते मात्र मी सांगू शकत नाही.

बाईंना रिक्षात घालत होते, सगळं कंपाउंड फाटकाशी जमलं होतं. मी माझा बोर्ड काढला आणि घेऊन वर आलो. आमच्या स्वयंपाकघरात चार स्क्रू काढले, पिवळी वायर उपटली आणि वालाच्या सालांच्या डब्यात खाली दाबून टाकली. पुन्हा चार स्क्रू लावले. आई धापा टाकत वर आली. "बाई कशा आहेत रे?"

"ठीक आहेत," मी म्हणालो. मी बघितलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किर्तीभाईंनी कमिटीच्या सात जणांना बोलावलं. जनाभाऊही आला होता. चौकशी कोण करणार? "अपना इंजिनीर है ना," किर्तीभाई म्हणाले. "तू चेक कर. जे आहे ते बोल, कुणाला घाबरायचा नाय." बाबा बाजूला उभे होते. मी मीटर घेतला, जनाभाऊच्या बोर्डावर चार रीडिंग घेतली आणि कागदावर लिहिली. फेज आणि न्यूट्रल उलट्या होत्या. मग माझा बोर्ड उघडून दाखवला. आत सगळं जागच्या जागी होतं. मी त्या कागदावर सही केली. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. मी आयुष्यात बोललेलं सगळ्यात मोठं खोटं हे असं चार खऱ्या आकड्यांचं आहे.

जनाभाऊने वाकून मीटरचा काटा बघितला. मग म्हणाला, "व्हय. उलटी लागली. माझी चूक हाय." माझ्या वायरीबद्दल त्याला कळायचं कारण नव्हतं. मेन त्यानेच पाडला होता, हे त्या मीटिंगमध्ये कुणी बोललं नाही. मीही नाही. आमच्या सोसायटीचं काम त्याच्याकडून गेलं, मांडववाल्याने त्याला काढलं, आणि आजूबाजूच्या इमारतींत 'बाईला शॉक देणारा वायरमन' म्हणून त्याचं नाव झालं. घरी येताना बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मोजून बोललास, बरं केलंस."

बाईंचं डावं मनगट मोडलं होतं आणि तळहातावर कांडीच्या रुंदीचा भाजल्याचा पट्टा होता. बारा दिवसांनी त्या घरी आल्या. त्या रविवारी त्यांनी मला खाली बोलावलं. हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून सासूबाईंनी घावणे घातले होते. "तू होतास म्हणून कारण तरी कळलं," बाई म्हणाल्या. "नाहीतर माझ्या गिटारीलाच सगळे दोष देत बसले असते." मी खात असताना दार वाजलं. परबकाकांनी उघडलं. बाहेर जनाभाऊ होता, हातात पिशवी, पिशवीत पपई.

"बाईंना भेटायचं होतं," तो म्हणाला.

"कशाला? राहिलेलं पुरं करायला?" परबकाका म्हणाले.

"माफी मागायची होती, साहेब."

"आमच्या दारात पुन्हा दिसायचं नाही."

दार लागलं. जाताना त्याने आत पाहिलं होतं आणि मी त्याला दिसलो होतो, तोंडात घास घेऊन. सासूबाईंनी विचारलं, आणखी घालू का? मी हो म्हणालो. त्या दिवशी मी चार घावणे खाल्ले. माझ्या वहीत हा आकडा नाही, पण तो मला कधी शोधावा लागत नाही.

सहा महिन्यांनी एका संध्याकाळी साडेपाचला खालून तार छेडल्याचा आवाज आला. आई वाल सोलता सोलता थांबली. मग लोखंड जमिनीवर पडल्याचा आवाज झाला. परत तार, परत लोखंड. तीनदा. बाईंचा अंगठा पुरता वळत नव्हता आणि ती कांडी धरायला अंगठा लागतो. त्यानंतर पुन्हा तो आवाज आला नाही. पुढे त्या मला म्हणाल्या, "तू एवढं सगळं नवीन घातलंस तिच्यात. तूच घेऊन जा." मी आमच्याकडे जागा नाही म्हणून सांगितलं.

आता मी तिथून जवळच, बेव्हर्ली पार्क नावाच्या वसाहतीत राहतो. घरातल्या प्रत्येक सॉकेटला तीन तारा आहेत आणि मी त्या दरवर्षी तपासतो. माझी मुलगी म्हणते की बाबांना कुणाच्या घरी गेल्यावर माणसांआधी सॉकेट दिसतात. एका कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात नोकरी केली आणि तिथे नव्या लोकांना विजेच्या सुरक्षिततेचे धडे द्यायचं काम माझ्याकडे आलं. आता लिहितो ते त्या पिवळ्या वायरीपेक्षाही वाईट आहे. त्या धड्यांमध्ये मी ही गोष्ट सांगायचो. बाईंचं नाव न घेता, ओला कोबा, अनवाणी पाय, आणि टेस्टर न लावणारा निष्काळजी वायरमन. एका माणसाच्या पाच सेकंदांच्या आळसाने काय होतं बघा, असं म्हणायचो. वर्षातून दोन बॅचेस, वीस वर्षं, म्हणजे चाळीस वेळा. लोक मन लावून ऐकायचे.

गेल्या वर्षी एका बॅचमध्ये नव्याने लागलेल्या एका इंजिनीअर बाईंनी हात वर केला. "सर, एक कळलं नाही. फेज-न्यूट्रल उलटे असले तरी गिटारच्या तारांवर व्होल्टेज कसं येईल? तारा तर अर्थला असतात. मध्ये कुणीतरी अर्थ आणि न्यूट्रल जोडलेले असल्याशिवाय हे होणारच नाही."

"ॲम्प्लिफायर जुना होता," मी म्हणालो. "आतून लीकेज असेल."

त्यांनी मान डोलावली, पण वहीत लिहून घेतलं नाही. चाळीस वेळा सांगितलेली गोष्ट एका माणसाने नीट ऐकली आणि ती उभी राहिली नाही. पुढच्या रविवारी मी राई गावात गेलो.

जनाभाऊचं घर शोधायला त्रास झाला नाही. पडवीत खुर्ची टाकून बसला होता. केस पांढरे, अंगात बनियन. मी नाव सांगितल्यावर ओळखलं. "आरं, इंजिनीर! बस." त्याने त्या प्रसंगानंतर विजेचं काम सोडलं होतं. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिश मारायला लागला, तिथे सव्वीस वर्षं. "भीती बसली," तो म्हणाला. "घरातला बल्ब बी पोरगा बदलतो. मी हात लावत न्हाय."

मी त्याला सगळं सांगितलं. वायर किती लांब होती, कुठून कुठे जोडली होती, कधी काढली. तारा उलट्या लागल्या हे खरं, पण तेवढ्याने बाईंना काहीही झालं नसतं, हेही. तो ऐकत होता. मध्येच एकदा हाताने हवेत तीन पिना काढून त्याने ती जोडणी स्वतःशी करून बघितली. मग आत हाक मारली. "ए, भायेर ये जरा." त्याची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. तो मला म्हणाला, "आता हिला सांग. समदं. पयल्यापासून."

मी दुसऱ्यांदा सांगितलं. ती उभ्यानेच ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "ह्यांना झोपेत वरडायची सवय हाय. हात लावू नका, हात लावू नका. पोरं हसायची." मग, "बाईंना सांगितलंत?"

"नाही."

"जिती हाय ना बाई?"

"हो. विरारला मुलाकडे असतात. परबकाका गेले."

"मग आधी हितं कशाला आलात?"

याचं उत्तर मला माहीत होतं. जनाभाऊसमोर मान खाली घालणं मला सोपं वाटलं होतं. त्याच्या मताने माझं काही बिघडणार नव्हतं. बाई मात्र अजून दर दिवाळीला माझ्या मुलीला फोनवरून आशीर्वाद देतात. हे मी त्या माउलीला सांगितलं नाही, पण मला वाटतं तिला ते कळलं. "नंबर हाय ना?" ती म्हणाली. "लावा. हितंच लावा."

मी लावला. चार रिंग झाल्या. "हॅलो, कोण?" बाईंचा आवाज बारीक झालाय, पण शाळेतला ठसका तसाच आहे. मी नाव सांगितलं. "अरे! किती दिवसांनी! कसा आहेस? मुलगी काय म्हणते?" मी बरी आहे म्हणालो. त्या बोलत राहिल्या, विरारच्या पाण्याबद्दल, सुनेबद्दल, गुडघ्यांबद्दल, आणि मी हो हो करत राहिलो. जनाभाऊ माझ्या तोंडाकडे बघत होता. मग त्याने हात पुढे केला आणि माझ्या कानापासून फोन काढून घेतला.

"बाई, मी जना बोलतोय. जना वायरमन. त्या पूजेला वायर मी उलटी जोडलेली. टेस्टर लावला न्हाय. माझी चूक झाली, बाई. घरी आलेलो सांगायला, पन भेट झाली न्हाय." पलीकडून बाई काहीतरी बोलत होत्या. "व्हय... व्हय, मीच पाडला मेन... न्हाय बाई, आता कशाला रडता..." माझ्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. त्याच्या वाट्याचं होतं तेवढंच त्याने सांगितलं, आणि त्याला मिनिटभरही लागलं नाही.

मग त्याने फोन बनियनला पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"घे," तो म्हणाला. "आता तुझं सांग."